राउटर बैठकीत, रेंज चुलीपाशी



बचत गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज आणि कर्जफेड हे विषय झाले की अलीकडे चौथा विषय हमखास निघतो, तो म्हणजे नेटचा. "ताई, घरात वायफाय घेतलंय, पण माझ्या मोबाइलवर नुसतं गोल फिरतंय." "पोराच्या मोबाइलवर पळतं, मी हातात घेतला की बंद." "ओटीपी येतो, पण तो टाकेपर्यंत पानच उडून जातं." आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं, "मोठा प्लॅन घ्यावा म्हणतोय आता."

आजचं बोलणं या शेवटच्या वाक्यावर आहे. मोठा प्लॅन घ्यायच्या आधी थोडं थांबा. आपण पैसे भरून विकत घेतलेला वेग आणि आपल्या हातातल्या मोबाइलपर्यंत पोचलेला वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोघांच्या मधे बऱ्याच वेळा गळती असते आपल्याच घरातल्या भिंतींमधे. पाइपलाइन फुटलेली असताना विहिरीवर मोठी मोटर बसवून काय उपयोग? आधी गळती शोधायची. ती शोधायला इंजिनिअर लागत नाही.

हा विषय चैनीचा राहिलेला नाही. गटाची नोंद लोकोस अॅपमधे भरायची असते. लाडकी बहीणची ई-केवायसी, पीक विम्याचा अर्ज, मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, सगळं ऑनलाइन. घरी झालं नाही की तालुक्याला जायचं, म्हणजे गाडीभाडं गेलं आणि दिवसाची मजुरीही गेली. आपल्या बीड जिल्ह्यात तर दिवाळीनंतर कोयता घेऊन माणसं कारखान्यावर जातात आणि लेकरं आजीजवळ राहतात. त्या लेकराला रात्री आईचं तोंड दिसतं ते मोबाइलवरच. तो कॉल मधेच तुटला तर काय वाटतं, हे त्या आजीला विचारा.

नेट घरात येतं कसं?

नेटची वाट तीन टप्प्यांची असते, एवढं डोक्यात ठेवा.

पहिला टप्पा बाहेरून घरापर्यंतचा. आता गावागावात फायबर आलं आहे. ही काचेची तार असते. आतली काच आपल्या केसाएवढी जाड, आणि तिच्यातून वीज नाही, प्रकाश धावतो. केंद्र सरकारनं २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत असं फायबर न्यायची योजना मंजूर केली. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. देशभरातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायचं तिचं उद्दिष्ट होतं. आपल्या ग्रामपंचायतीत ती पेटी बसली आहे का, आणि बसली असेल तर चालू आहे का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

दुसरा टप्पा म्हणजे घरातला डबा. फायबर त्यात शिरतं. प्रकाशातून आलेला निरोप हा डबा विजेच्या भाषेत बदलतो आणि पुढे घरभर वाटतो. कुणी त्याला मोडेम म्हणतं, कुणी राउटर, कुणी नुसता वायफायचा डबा.

तिसरा टप्पा डब्यापासून आपल्या मोबाइलपर्यंतचा. हा एकतर हवेतून जातो, म्हणजे वायफाय, नाहीतर वायरीतून, म्हणजे लॅन.

कंपनी पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याचे पैसे घेते. तिसरा टप्पा आपल्या ताब्यात असतो. आणि तक्रारी बऱ्याचदा त्याच टप्प्यातल्या असतात.

आधी मोजा

वजन केल्याशिवाय आपण कापूस विकत नाही. तसंच इथंही आधी मोजायचं. ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं, मायस्पीड नावाचं अॅप आहे. ते मोबाइलवर घ्या. मोजायच्या वेळी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद ठेवा, नाहीतर भलताच आकडा येईल.

पहिली मोजणी डब्यापासून तीन-चार हातांवर उभं राहून करा. दुसरी जिथं अडचण येते तिथं, म्हणजे स्वयंपाकघरात किंवा मागच्या खोलीत. दोन्ही ठिकाणी तीन-तीन वेळा मोजा, एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊच्या सुमाराला. आकडे वहीत लिहा. गटाचं इतिवृत्त लिहिणाऱ्या बायकांना हे काही अवघड नाही.

आता आकडे वाचूया. डब्याजवळ वेग पुरेसा आहे आणि स्वयंपाकघरात पडतो, तर दोष घरातल्या वाटेत आहे. प्लॅन वाढवून तो जाणार नाही. डब्याजवळच वेग कमी आहे, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या वाटेत किंवा डब्यातच आहे आणि कंपनीला बोलवायला हवं. सकाळी चांगला आणि फक्त रात्री कमी, तर त्याचं कारण वेगळं. फायबरची एक लाइन ३२ किंवा त्याहून जास्त घरांत वाटलेली असते. रात्री सगळेच मोबाइल घेऊन बसले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं, जसं नळाला एकदम सगळ्यांनी तोट्या सोडल्यावर होतं.

एक घोटाळा इथं मिटवून टाकू. ५० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिट. आपल्या मोबाइलमधले फोटो आणि व्हिडिओ मात्र मेगाबाइटमधे मोजलेले असतात. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून ५० एमबीचा व्हिडिओ पूर्ण वेगातसुद्धा एका सेकंदात येत नाही, त्याला आठ सेकंद लागतात. यात कुणी फसवलेलं नाही, मापं वेगळी आहेत.

आणि लागतो तरी किती वेग? साध्या व्हिडिओ कॉलला सेकंदाला दोन मेगाबिटच्या आसपास पुरतात. फॉर्म भरायला आणि ओटीपीच्या पानाला त्याहून कमी. आपल्या कामाला मोठ्या आकड्यापेक्षा न तुटणारी जोडणी जास्त महत्त्वाची असते.

वायफाय म्हणजे छोटं रेडिओ केंद्रच

तुम्ही आत्ता मला ज्या लहरींवरून ऐकताय, वायफाय त्याच जातीचं आहे. फरक आहे ताकदीचा आणि लहरीच्या लांबीचा.

सामुदायिक रेडिओ केंद्राला १०० वॅटपर्यंतच्या ताकदीची परवानगी असते. घरातला वायफायचा डबा साधारण एक दशांश वॅटवर बोलतो, म्हणजे हजार पटीनं हळू आवाजात. शिवाय रेडिओची लहर लांब असते. ९०.४ मेगाहर्ट्झची एक लहर सुमारे ३.३ मीटर, म्हणजे अकरा फूट लांब. वायफायची जुन्या पट्ट्यातली, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झची, लहर जेमतेम पाच इंचांची. नव्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातली त्याच्याही निम्म्याहून लहान, सव्वादोन इंचांच्या आसपास. लांब लहर झाडाला, भिंतीला वळसा घालून पुढे जाते. आखूड लहर वाटेतच शोषली जाते.

हे फक्त पुस्तकातलं नाही. आपल्याच महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यात, आयआयटी मुंबईनं ग्राम मार्ग नावाचा प्रकल्प केला. तिथं पाडे लांब-लांब, मधे दाट झाडी. त्यांनी टीव्हीसाठी राखलेल्या, पण रिकाम्या पडलेल्या पट्ट्यातल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या लहरी वापरून पाड्यांपर्यंत इंटरनेट नेऊन पाहिलं. कारण हेच, ती लहर लांब आणि झाडीतून पुढे जाणारी. आपल्या घरच्या वायफायला ती सोय नाही. त्याला मिळाल्यात त्या आखूड लहरी, म्हणून त्याची वाट आपण मोकळी करायची.

आपल्या घरांचं काय?

आपल्याकडं अजून कितीतरी माळवदाची घरं आहेत. दीड-दोन फुटांच्या दगड-मातीच्या भिंती. उन्हाळ्यात गारवा देतात, पण वायफायला अशी एक भिंतसुद्धा भारी पडते. पावसाळ्यात भिंत ओलावली तर आणखी, कारण पाणी या लहरी शोषतं. नव्या घरांत विटांची पातळ भिंत त्या मानानं बरी, पण डोक्यावरच्या स्लॅबमधे लोखंडी सळयांची जाळी असते. वरच्या मजल्यावर वेग पडतो तो बऱ्याच अंशी तिच्यामुळे. पत्र्याच्या घरात पत्रा लहर पलीकडे जाऊच देत नाही, आरशासारखी परत फेकतो. बाहेरच्या शेडमधे शिलाई मशीन टाकलंय आणि तिथं नेट येत नाही, ही तक्रार त्यामुळेच.

भिंतींखेरीज लोखंडी कपाट, फ्रिज, पाण्याची टाकी, मोठा आरसा, पत्र्याची कणगी, हेसुद्धा वाट अडवतात.

एका गावात ग्रामसंघाच्या कार्यालयात नेट चालेना म्हणून दुप्पट पैशाच्या प्लॅनचा ठराव करायची वेळ आली होती. मोजून पाहिलं तर डब्याजवळ वेग पुरेपूर होता. डबा चोरीला जाऊ नये म्हणून लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवला होता. वायर बाहेर आणि डबा आत. तो काढून भिंतीवर उंच लाकडी फळी ठोकून ठेवला, आणि ठराव करायची गरजच पडली नाही.

डबा कुठं ठेवायचा?

जोडणी करायला आलेला मुलगा डबा बसवतो तिथं, जिथं वायर आणायला सोपं. म्हणजे दारातून आत आलं की पहिली खोली, बैठक नाहीतर ढाळज. तिथं पाहुणे बसतात, घरातली पुरुष मंडळी बसतात. नेट तिथं जोरात. घरातली बाई दिवसातला बराच वेळ असते चुलीपाशी, न्हाणीपाशी, मागच्या अंगणात. तिच्यापर्यंत दोन-तीन भिंती ओलांडून उरलंसुरलं पोचतं. कुणी मुद्दाम करत नाही हे, पण होतं असं. म्हणून डबा बसवायच्या दिवशी घरातल्या बाईनं समोर असावं आणि जागा आपण सांगावी.

जागा निवडताना चार गोष्टी बघा. घराच्या मधोमध असावी. जमिनीपासून पाच-सहा फूट उंच असावी. उघडी असावी, म्हणजे कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा देव्हाऱ्याच्या कोनाड्यात नको. आणि डब्यापासून स्वयंपाकघरापर्यंत कमीत कमी भिंती याव्यात. दाराच्या सरळ रेषेत डबा ठेवला तर लहर भिंतीऐवजी दारातून जाते. माळवदाच्या घरात ही एक युक्ती मोठं काम करते.

अंतराचाही हिशेब आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पोचणारी ताकद चौथाई होते. त्यामुळे डबा दहा फूट आत सरकवला तरी फरक दिसतो.

डब्याच्या काड्यांबद्दल मला पुष्कळ जणी विचारतात. लहर काडीच्या टोकातून निघत नाही, तिच्या कडेनं चारी बाजूंना पसरते, पाण्यात खांब हलवला की तरंग उठतात तशी. म्हणून एकमजली घरात काड्या उभ्या ठेवा. वर माडी असेल तर एक काडी आडवी करा. काडीचं टोक स्वयंपाकघराकडे रोखून काही मिळत नाही, उलट त्याच दिशेला सगळ्यात कमी जातं.

डबा हलवताना एक काळजी. आत आलेली फायबरची बारीक वायर काटकोनात दुमडू नका, खिळ्याखाली दाबू नका. काचेला मुरड पडली की प्रकाश तिथं गळतो. तिचं उघडं टोक डोळ्यांसमोर धरून कधीही बघू नका, लेकरांनाही बघू देऊ नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. वायर अपुरी पडली तर जोडणीवाल्याला बोलवा.

एका डब्याची दोन नावं

पुष्कळ नव्या डब्यांत वायफायची दोन नावं दिसतात. एक साधं आणि एक शेवटी ५जी लिहिलेलं. हे मोबाइलच्या टॉवरचं ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. तो जोरात पळतो, पण भिंतीपुढे थकतो. साधं नाव २.४चं. ते सावकाश चालतं, पण लांब जातं. त्याच खोलीत बसून मुलीला ऑनलाइन तास बघायचा असेल तर ५जीवालं नाव जोडा. स्वयंपाकघरातून किंवा अंगणातून बोलायचं असेल तर साधं. काही जुन्या किंवा स्वस्त मोबाइलमधे ५ गिगाहर्ट्झचा पट्टाच नसतो, म्हणून "पोराच्या मोबाइलवर पळतं, माझ्यावर नाही" असं होतं. यात तुमच्या वापरण्याची चूक नाही.

वायफायमधे एका वेळी एकच जण बोलतो, हेही समजून घ्या. आपली गटाची बैठक जशी, एकीचं बोलणं झालं की दुसरीनं बोलायचं. आता समजा एक जण दारापाशी लांब बसली आहे, तिचं नीट ऐकू येत नाही, तिला दोन-दोनदा विचारावं लागतं. मग सगळ्यांचाच वेळ जातो. तसंच लांबच्या कोपऱ्यात अर्धवट रेंजमधे अडकलेला एक मोबाइल साऱ्या घराचं वायफाय मंद करतो. ज्या मोबाइलचं काम नाही, त्याचं वायफाय बंद ठेवा.

दाट वस्तीत शेजारच्या पाच घरांचे डबे एकाच पट्ट्यात बोलत असले तर तोच गोंधळ. २.४च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला किंवा जोडणीवाल्याला सांगा, यातला जो मोकळा असेल तो लावून दे.

बूस्टर घ्यायचा का?

बाजारात रिपीटर मिळतो, दुकानदार त्याला बूस्टर म्हणतात. नावावरून वाटतं की हा जोर वाढवतो. त्याचं खरं काम निरोप्याचं. डब्याचं ऐकायचं आणि पुढे सांगायचं. त्याला ऐकायलाही वेळ लागतो आणि सांगायलाही, म्हणून साध्या रिपीटरच्या पुढे वेग जवळपास निम्मा होतो. फॉर्म भरायला तेवढा चालतो. पण लोक त्याला लावतात कुठं? जिथं रेंज नाही तिथं. जिला स्वतःलाच ऐकू आलं नाही, ती दुसरीला काय सांगणार? रिपीटर मधल्या वाटेवर लावा, जिथं डब्याची रेंज अजून चांगली आहे. वायफायची ताकद दाखवणारी अॅपं उणे आकड्यांत माप देतात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत काम नीट चालतं, उणे ८० म्हणजे तुटायच्या बेतात. रिपीटर उणे ६०-६५ च्या जागी ठेवावा.

याहून पक्का उपाय म्हणजे वायर.

वायरीला भिंत नसते

डब्याच्या मागे चौकोनी भोकं असतात, त्यांना लॅन पोर्ट म्हणतात. तिथून एक लॅन वायर मागच्या खोलीत न्यायची आणि तिच्या टोकाला दुसरा छोटा राउटर लावायचा. मग भिंतीतून जाते ती वायर, आणि मागच्या खोलीत नवं, ताजं वायफाय सुरू होतं. वेग निम्मा होत नाही. घरी जुना चालू राउटर पडला असेल तर खर्च फक्त वायरीचा, आणि १५-२० मीटर वायर काहीशे रुपयांत होते.

दुसरा राउटर लावणाऱ्याला एवढं सांगा. त्यात अॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो चालू कर. नसेल तर वायर त्याच्या लॅन पोर्टमधे घाल, डीएचसीपी बंद कर आणि त्याचा पत्ता पहिल्या राउटरपेक्षा वेगळा ठेव. घरात कारभारी एकच असावा, दोघे नंबर वाटायला लागले की गोंधळ होतो. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, तर खोली बदलली तरी मोबाइल आपोआप जवळच्याला जोडला जातो.

वायर घेताना अंगावर छापलेलं वाचा. कॅट ५ई किंवा कॅट ६ असावं. आत अस्सल तांबं आहे का विचारा. स्वस्त वायरीत अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती लवकर मोडते. आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसपर्यंत दोनच जोड्यांवर काम चालतं. त्याच्या पुढे, हजारापर्यंत, चारही जोड्या लागतात. म्हणून पिन मारताना एखादी तार सुटली तर नेट बंद पडत नाही, पण वेग शंभरला अडतो. घराला २०० चा प्लॅन आहे आणि वायरीवर मोजलं की आकडा ९४-९५ च्या पुढे जातच नाही, तर समजा की वायर, पिन किंवा पोर्ट शंभरचं आहे. तोच आकडा कंपनीच्या नावावर खपतो आणि भांडण होतं. पिन दोन्ही बाजूंना पुन्हा मारून घ्या. काही स्वस्त डब्यांची पोर्टच शंभरची असतात, तिथं वायर बदलून फरक पडत नाही. आणि प्लॅनच ५० चा असेल तर याची चिंता करू नका, शंभरची वायर भरपूर झाली.

एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नका, हातभर अंतर ठेवा. उन्हात जाणार असेल तर बाहेर वापरायची काळी वायर मागा. दोन इमारतींच्या मधून उघड्यावर साधी लॅन वायर टाकणं टाळा, वीज कडाडली तर दोन्हीकडचं सामान जळू शकतं.

आपल्याकडं वळवाच्या पावसात विजा फार पडतात. आभाळ गडगडायला लागलं की डब्याचा चार्जर आणि लॅन वायर, दोन्ही काढून ठेवा.

लाइट गेली की नेट गेलं, यावरही सोय आहे. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, साधारण हजार-दीड हजारात. तो लाइट गेल्यावरही डबा काही तास चालू ठेवतो. घेताना डब्याच्या चार्जरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा दुकानदाराला दाखवा.

जिथं फायबरच नाही

बालाघाटाच्या डोंगराआड कितीतरी वस्त्या आणि तांडे आहेत, जिथं फायबर पोचलेलं नाही. तिथं सिमवर चालणारा डबा घेतात. त्याचा नियम उलटा. तो घराच्या मधोमध नको. टॉवरच्या दिशेच्या खिडकीत, उंचावर ठेवायचा. तीन-चार जागी ठेवून प्रत्येक जागी वेग मोजा आणि सगळ्यात चांगली जागा पक्की करा. मग तिथून आत वायर नेऊन दुसरा राउटर लावा.

पासवर्ड आणि तक्रार

डब्याबरोबर आलेला पासवर्ड बदला. वायफायचा वेगळा आणि डब्याच्या आतल्या सेटिंगचा वेगळा. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. आल्यागेल्याला देण्यासाठी गेस्ट नावाचं वेगळं वायफाय चालू करता येतं. ज्या मोबाइलवर गटाच्या खात्याचा ओटीपी येतो, तो मोबाइल गावभर वाटलेल्या पासवर्डच्या वायफायवर नको.

आता, डब्याजवळच वेग कमी येतोय असं वहीत दिसलं, तर तक्रार करा. डब्यावर लॉस म्हणजे एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही, हे फोनवर आधी सांगा. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि लिहून ठेवा. त्याशिवाय तक्रार झाली असं धरू नका. तिथं काम झालं नाही तर प्रत्येक कंपनीत वरचा अपील अधिकारी असतो, त्याच्याकडं तोच क्रमांक देऊन अपील करता येतं. "नेट स्लो आहे" एवढं सांगितलं तर "राउटर बंद करून चालू करा" असं उत्तर मिळतं. "डब्याजवळ सकाळी सातला इतका, रात्री नऊला इतका, आठ दिवसांचे आकडे आहेत" असं म्हणणाऱ्या बाईला तसं उत्तर देता येत नाही.

या महिन्यात एक करून बघा. गटातल्या ज्या घरांत वायफाय आहे, तिथं प्रत्येकीनं दोन आकडे लिहून आणायचे, डब्याजवळचा आणि चुलीपाशी उभं राहून घेतलेला. बैठकीत ते एकाखाली एक मांडा. कुणाचा डबा हलवायचा, कुणाला वायर टाकायची आणि कुणाच्या कंपनीला फोन लावायचा, हे तिथल्या तिथं ठरेल. चार घरांना वायर लागणार असेल तर गुंडाळा एकत्र घ्या, स्वस्त पडतो. आणि पिन मारायचं हत्यार गटानं एक घेतलं, दोन पोरींनी शिकून घेतलं, तर हे काम गावातच होईल आणि त्याचे दोन पैसेही गावातच राहतील.

मोठ्या प्लॅनचा विचार त्यानंतर करू.